मंडळी गप्प बसली तर भक्ती कुणाची? खान्देशातल्या पाळकांना आणि पंचांना खुलं पत्र

प्रति,
खान्देशातील सर्व मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच आणि कमिटीचे सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावानं सप्रेम सलाम.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, पेटी वाजवते आणि गायनमंडळ, म्हणजे क्वायर, सांभाळते. हे पत्र एकट्या आमच्या कमिटीला लिहून भागलं असतं. पण नवापूर, साक्री, धुळे, जळगाव, भुसावळ इथल्या क्वायरवाल्यांशी बोलणं होतं तेव्हा सगळीकडून तेच कानावर येतं, म्हणून जाहीर लिहिते आहे. येत्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून, रविवारची गाणी स्पीकरवर ट्रॅक (आधी ध्वनिमुद्रित केलेलं संगीत) लावून, पुढे माईक धरलेल्या चार-पाच तरुणांनी म्हणायची आणि गायनमंडळानं नाताळ, ईस्टर, हंगामाचा सण अशा दिवशी एखादं 'विशेष गीत' बसवायचं, असा विचार बऱ्याच कमिट्यांमध्ये चालू आहे. काही ठिकाणी तसे ठरावही झाले आहेत.

त्यासाठी दिली जाणारी कारणं खोटी नाहीत, हे आधीच मान्य करते. तालमीला माणसं येत नाहीत. पेटी वाजवणारा मिळत नाही. आमची निम्मी तरुण पोरं सुरतेला कामाला आहेत, ती सुट्टी मिळेल तशी गाडीनं येतात. जुनी गाणी त्यांना ओळखीची राहिलेली नाहीत. रविवारची भक्ती लांबते अशी तक्रार दर वार्षिक सभेत होते. तरीही हा निर्णय चुकीचा आहे असं मला मनापासून वाटतं. गायनमंडळ हा कार्यक्रमाचा भाग आहे असं धरून तो घेतला जातो आहे. गायनमंडळाचं काम मंडळीला गायला लावणं हे आहे. मंडळी गात असेल तर क्वायर दिसलं नाही तरी चालेल. मंडळी गप्प असेल तर क्वायर कितीही सुंदर गायलं तरी आमचं काम झालेलं नाही.

हे काम नेमकं कसं चालतं याबद्दल कमिटीच्या बैठकीत कधी बोलणं होत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या गाण्याआधी पेटीवर पट्टी धरली जाते, म्हणजे कुठल्या काळ्या-पांढऱ्या सुराला 'सा' धरायचा ते ठरतं. एकटी बाई गाणार असेल तर तिला काळी चार किंवा काळी पाच सोयीची. पुरुषाला काळी एक नाहीतर पांढरी दोन. मंडळीत मात्र सत्तरीचे आजोबा असतात, आवाज फुटायला लागलेली नववी-दहावीतली मुलं असतात, रात्रभर तान्हं बाळ घेऊन जागलेल्या आया असतात. या सगळ्यांना एकत्र गाता येईल अशी पट्टी शोधणं हे पेटीवाल्याचं पहिलं काम. गाण्याचा अंतरा वरच्या गंधारापर्यंत जाणारा असेल तर पांढरी एकच्या पुढे जाऊन चालत नाही. गेलात, तर अंतऱ्याला अर्धी माणसं तोंड मिटतात आणि धृपद आलं की परत येतात. पावसाळ्यात घसे बसलेले असतात तेव्हा आम्ही आणखी एक स्वर खाली उतरतो. मग पहिली ओळ क्वायर एकटं म्हणतं, म्हणजे चाल कानावर पडते. दुसऱ्यांदा मंडळी ती उचलते. मंडळीनं उचलली की आम्ही आमचा आवाज कमी करतो. नव्या मुलांना शिकवताना सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीला लागतो. मोठ्यानं गायला कुणीही शिकतं. मंडळीचा आवाज वर आला की आपण खाली यायचं, हे अंगात मुरायला दोन-तीन वर्षं जातात.

ओळीच्या शेवटी श्वास किती लांब घ्यायचा हेही क्वायर ठरवतं. ढोलकीवरचा मुलगा तरुण असतो, त्याचा हात धावतो. पुढच्या बाकावरच्या वयस्क माणसांचा श्वास पुरत नाही. पेटीवाला भाता जरा धरून ठेवतो, ढोलकी थांबते, सगळे एकदम पुढच्या ओळीवर येतात. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला हे कळतही नाही. त्याला एवढंच जाणवतं की आज गाणं चांगलं म्हणता आलं.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी तर हे काम आणखी नाजूक होतं. लोक रांगेनं पुढे येतात. कुणी काठी टेकत येतो, कुणाला हाताला धरून आणावं लागतं. गाण्याला चार कडवी आहेत म्हणून चारच म्हणून थांबता येत नाही. रांग सरेपर्यंत शेवटचं कडवं हळू आवाजात पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, मधे नुसती पेटी ठेवावी लागते. पाळकसाहेब मेजावरचं पांढरं कापड परत पसरायला लागले की दोन ओळींत गाणं संपवायचं. उपदेशानंतरही तसंच. उपदेश पश्चात्तापावर झाला असेल आणि आधी ठरलेलं गाणं उड्या मारणारं असेल, तर पेटीवाला पाळकांकडे बघतो, पाळक मान हलवतात आणि गाणं बदलतं.

ट्रॅकला यातलं काहीच दिसत नाही. त्याची पट्टी कुठल्यातरी स्टुडिओत एका तयारीच्या गायकाच्या गळ्याला बेतून ठरलेली असते. मोबाइलवर ती खालीवर करता येते हे मला माहीत आहे. पण आमच्या आजोबांच्या श्वासासाठी ट्रॅक थांबत नाही आणि रांगेत अजून सहा माणसं उभी आहेत हे त्याला कळत नाही. जिथे ट्रॅकवर भक्ती सुरू झाली आहे अशा मंडळ्यांमध्ये मी पाहुणी म्हणून बसले आहे. आवाज भरपूर होता, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. माझ्या बाकावर मात्र कुणीही गात नव्हतं. शेजारची बाई पुस्तक उघडून बसली होती आणि तिचे ओठ बंद होते. गाता येत नव्हतं म्हणून ती गप्प नव्हती. आपण गायलो काय आणि न गायलो काय, फरक पडत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

पवित्र शास्त्रात गायकांची नेमणूक किती बारकाईनं केली आहे ते पंचांनी कृपा करून पुन्हा वाचावं. पहिल्या इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात दावीद राजानं आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या मुलांना गायनसेवेसाठी वेगळं केलं. त्यांची संख्या २८८ दिली आहे, आणि ते सगळे शिकलेले, तयार होते असंही लिहिलं आहे. त्यांच्या २४ पाळ्या लावल्या. पाळ्या लावताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता सारख्या चिठ्ठ्या टाकल्या. म्हणजे शिकणारा पोरगाही त्याच रांगेत. त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात कनन्याला गायन शिकवायला नेमलं, कारण त्याला त्यातलं चांगलं कळत होतं. देवाच्या मंडपाच्या सेवेत गाणं कुणीतरी उत्साहानं करून टाकायचं काम नव्हतं. त्याला शिक्षण होतं, नेमणूक होती, जबाबदारी होती.

आणि नहेम्याचा तेरावा अध्याय. माझ्या मते आजच्या खान्देशातल्या कमिट्यांसाठी यापेक्षा नेमका शास्त्रभाग नाही. नहेम्या यरुशलेमला परत येतो तेव्हा त्याला कळतं की मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांना आणि गायकांना त्यांचा वाटा दिला गेलेला नाही, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले आहेत. नहेम्या रागावतो तो अधिकाऱ्यांवर. देवाच्या मंदिराची हेळसांड का झाली, असं तो त्यांना विचारतो. मग पळालेल्या माणसांना गोळा करून परत आपापल्या जागी उभं करतो. तालमीला माणसं येत नाहीत, म्हणून क्वायर बंद करू, असं म्हणताना हा अध्याय डोळ्यांसमोर असावा. माणसं का येत नाहीत हे कुणी विचारलं आहे का? आमच्या पेटीच्या भात्याला भोक पडलं तेव्हा मी स्वतः पट्टी चिकटवली. तबल्याची पुडी फाटली ती वर्षभर तशीच राहिली. त्याच काळात स्पीकरसाठी वर्गणी निघाली आणि ती महिन्याभरात जमलीही. मला स्पीकरचा राग नाही. उपदेश मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलाच पाहिजे. पण पैसे नाहीत असं आम्हाला सांगितलं जातं तेव्हा ते खरं नसतं.

कुणी म्हणेल, हे जुन्या करारातलं झालं. नव्या करारातही पौल कलस्सैकरांना लिहिताना गीतांनी एकमेकांना शिकवा, बोध करा असं सांगतो. 'एकमेकांना' असं तो म्हणतो. व्यासपीठावरच्या पाचांनी बाकीच्या शंभरांना, असं त्यात नाही. वधस्तंभाकडे जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असं मार्क लिहितो. ते सगळे मिळून गायले.

मंडळीच्या इतिहासात ही चूक याआधी झालेली आहे. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेनं नेमलेल्या गायकांखेरीज कुणी चर्चमध्ये गायचं नाही असा नियम केला. तेव्हा त्यामागे शिस्तीचं कारण असेल. पण पुढच्या शतकांत पश्चिमेकडच्या चर्चमध्ये उपासनेचं गाणं मुख्यतः पाळकवर्ग आणि गायकवर्ग यांच्याकडे गेलं आणि सामान्य माणूस ऐकणारा झाला. धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन लूथरनं लोकांच्या जर्मन भाषेतली गाणी पुढे आणली, तेव्हा त्यानं क्वायर मोडलं नाही. १५२४ मध्ये जर्मन गीतांची पहिली छापील पुस्तकं निघाली. त्याच वर्षी विटेनबर्गमध्ये योहान वाल्टर यानं क्वायरसाठी अनेक आवाजांत बसवलेलं पुस्तक आलं आणि त्याला लूथरनं स्वतः प्रस्तावना लिहिली. तरुण मुलांना काहीतरी चांगलं गायला मिळावं हा त्यामागचा हेतू त्यानं सांगितला आहे. लोकांना नवी गाणी शिकवायची तर आधी ती कुणाच्या तरी गळ्यात पक्की बसलेली असावी लागतात. झ्युरिचचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः उत्तम वादक होता. त्यानं मात्र उपासनेतून गाणंवाजवणं काढूनच टाकलं, आणि तिथली मंडळी कित्येक दशकं गाण्याविना राहिली. आपल्या कॅथलिक बंधुभगिनींकडेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या: गायनमंडळं वाढवा, आणि सगळ्या मंडळीला गाण्यात आपला वाटा उचलता येईल याची काळजी घ्या.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे वेगळं सांगायची गरजच पडू नये. नगरकडे कृष्णाजी सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगात, पदात, ओवीत ख्रिस्त आणला. त्याआधी आपल्याकडे बहुतेक इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं होती. तीही मी प्रेमानं वाजवते, पण ती जमायला आमच्या लोकांना कष्ट पडतात. अभंगाची चाल मात्र बाई जात्यावर बसल्यासारखी सहज धरते. आज 'उपासना संगीत' हातात घेतलं की या सगळ्या पिढ्या एकाच जिल्दीत भेटतात. खान्देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडिश आणि अमेरिकन मिशनरी तापीच्या दोन्ही काठांनी फिरले. गावोगावच्या पहिल्या विश्वासणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. त्यांना शास्त्र कशातून मिळालं? उपदेश एकदा ऐकला की निम्मा विसरला जातो. गाणं राहतं.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. अक्षरओळख नाही. पण उधळ्या पुत्राची गोष्ट त्या कडव्याकडव्यानं सांगतात, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. स्तोत्रसंहितेतली मोठमोठी स्तोत्रं त्यांना गाण्यातून पाठ आहेत. मुलगा सुनेशी भांडला की त्या ओसरीवर बसून एक विशिष्ट कडवं मोठ्यानं म्हणतात आणि घरातलं भांडण थांबतं. हे शिक्षण त्यांना कुठल्या वर्गात मिळालं नाही. लहानपणी रविवारी क्वायरच्या मागच्या चटईवर बसून मिळालं. ट्रॅकवर दर दोन महिन्यांनी नवं गाणं येतं आणि जुनं जातं. आज बारा वर्षांची असलेली मुलगी आजी होईल तेव्हा तिला काय पाठ असेल, याचा विचार पंचांनी करावा.

आता दफनविधीबद्दल. गायनमंडळाचं खरं काम मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसलं आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतले एक भाऊ वारले. घर गावाबाहेर, शेताच्या बांधाला. मे महिना, दुपारी दोनची वेळ, वीज गेलेली. अंगणात मांडव नव्हता, कडुनिंबाच्या सावलीत खाट ठेवली होती. पाळकसाहेब दुसऱ्या गावाहून निघाले होते, त्यांना यायला दीड तास लागणार होता. घरातल्या बायकांचा आक्रोश चालू होता आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. क्वायरमधले आम्ही सहा-सात जण पोचलो. पेटी नव्हती. एकीनं अगदी खालच्या सुरात सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर अंगणातले पुरुष त्यात आले. तिसऱ्या गाण्याला त्या भावाची विधवा बायको रडत रडत गायला लागली. पाळकसाहेब येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. कबरस्तानात माती लोटताना शेवटचं गाणं चालू होतं. फावडी चालवणारे गात होते, गाता गाता दम लागला की दुसरा फावडं घ्यायचा. तिथे स्पीकर कुठला आणि ट्रॅक कुठला? त्या दिवशी इतक्या माणसांना इतकी गाणी पुस्तकाशिवाय आली, ती दर रविवारी म्हणून म्हणूनच आली. रविवार काढून घेतलात तर कबरस्तानात आपल्याकडे म्हणायला काही उरणार नाही.

क्वायरची बाजू मांडते आहे म्हणून आमच्यातले दोष झाकणार नाही. काही ठिकाणी क्वायर म्हणजे तीन-चार घरांची मालकी झाली आहे. नवीन सून चांगली गाते, पण तिला वर्षानुवर्षं मागे उभं करतात. काही क्वायरवाले आपलं गाणं झालं की उपदेशाच्या वेळी बाहेर व्हरांड्यात जातात. हे लाजिरवाणं आहे, ते थांबलं पाहिजे. नाताळच्या एका 'विशेष गीता'साठी दोन महिने तालीम आणि एकसारख्या साड्यांसाठी वर्गणी, पण ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मंडळीला साधं ओळखीचं गीत धड सुरू करून देता येत नाही, असंही मी पाहिलं आहे. तुमच्या गीतांचा गलबला माझ्यापासून दूर करा, असं देव आमोस संदेष्ट्याच्या तोंडून म्हणतो, ते आम्हा गाणाऱ्यांनी स्वतःला लावून घ्यावं. अहंकार असलेल्या क्वायरला पंचांनी जरूर रागवावं, समज द्यावी. पण क्वायर नीट चालत नाही यावर उपाय ते नीट चालवणं हाच आहे.

तरुणांबद्दलही बोललं पाहिजे, कारण हा सगळा निर्णय त्यांच्या नावावर होतो आहे. आमच्या तरुण संघातल्या पोरांना गिटार येते, की-बोर्ड येतो, मोबाइलवर रेकॉर्डिंग करता येतं. नवी गाणी चांगलीही असतात, मी स्वतः बसवते. त्यांना माईक देऊन पुढे उभं केलं की आपण त्यांना जागा दिली असं कमिटीला वाटतं. खरं तर आपण त्यांना एकटं सोडलेलं असतं. त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी उभं करा. ज्या मुलानं आजोबांच्या खांद्याला खांदा लावून खर्जात गायलं, तो त्या आजोबांच्या मातीलाही येतो. क्वायरमध्ये शेतमजूर, शिक्षक, नर्सबाई, रेल्वेतला माणूस एका ओळीत उभे राहतात आणि एकाच श्वासाला थांबतात. मंडळीत दुसऱ्या कुठल्या जागी हे दर आठवड्याला घडतं?

आणि भाषा. नवापूर, नंदुरबारकडे आपली माणसं घरी मावची बोलतात, भिली बोलतात, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, धुळे-जळगावकडे अहिराणी. या सगळ्या भाषांत गाणी आहेत, ढोलावर चालणारी, अंगात भिनणारी. वार्षिक सभांना रात्री ती होतात आणि पहाटेपर्यंत लोक उठत नाहीत. रविवारी सकाळी मात्र ती दाराबाहेर राहतात, जणू देवाला तेवढी प्रमाण मराठीच कळते. आत्म्यानं गाईन आणि बुद्धीनंही गाईन, असं पौल करिंथकरांना लिहितो. ज्या बाईला मराठी कडव्यातले निम्मे शब्द परके आहेत तिच्या बुद्धीचं काय? महिन्यातून एका रविवारी तरी अर्पणाच्या वेळी तिच्या भाषेतलं गाणं असावं. हे ट्रॅकवर मिळणार नाही. हे गायनमंडळच करू शकतं, कारण ती भाषा बोलणारी माणसं त्यातच आहेत.

दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, गुजरातेत किंवा तिकडे पश्चिम महाराष्ट्रात. नाताळ त्यांचा उसाच्या फडाशेजारी, कोपीत जातो. तिथे पाळक नसतात, चर्च नसतं. रविवारी ही माणसं चुलीभोवती बसून प्रार्थना करतात आणि जे पाठ आहे ते गातात. म्हणजे पाच-सहा महिने त्यांची संपूर्ण भक्ती क्वायरनं त्यांना जे शिकवलं त्यावर चालते. म्हणून माझी विनंती अशी की नाताळची गाणी दिवाळीच्या आधी, हंगामाच्या सणापासूनच मंडळीत म्हणायला सुरुवात करावी. आगमनकाळाची वाट बघत बसलो तर ज्यांना ती सगळ्यात जास्त लागणार आहेत ते तोवर निघून गेलेले असतात.

चाली हरवत चालल्या आहेत, हेही तातडीचं आहे. आपल्या हातात असतात त्या शब्दांच्या प्रती. वर कुठल्या तरी जुन्या पदाची चाल सांगितलेली असते आणि ते पदच आता कुणाला माहीत नसतं. चाल राहते ती माणसात. एक म्हातारं माणूस गेलं की चार-पाच गाणी कायमची मुकी होतात. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलानं आणि त्याच्या मावसभावानं त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या म्हणून त्या आज आपल्याला आहेत. खान्देशात राहून हे आपल्याला कळू नये? प्रत्येक मंडळीनं या हिवाळ्यात आपल्या वडीलधाऱ्यांकडून चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. हे काम तरुण संघाकडे द्या. पोरं आनंदानं करतील, आणि म्हातारी माणसं कुणीतरी आपल्याला गायला सांगतंय म्हणून उजळून निघतील.

बाकी जे मागायचं ते थोडं आहे. आम्हाला मानधन नको. पेटीचे सूर वर्षातून एकदा जुळवून घेण्याचा आणि तबल्याच्या पुड्यांचा खर्च मंडळीच्या अंदाजपत्रकात लिहा, म्हणजे दर वेळी हात पसरावा लागणार नाही. पाळकसाहेबांनी बुधवारपर्यंत रविवारचा शास्त्रपाठ आणि उपदेशाचा विषय कळवावा. गाणं आणि उपदेश एकमेकांना धरून असले की मंडळीला काय फरक पडतो हे दोन महिन्यांत दिसेल. तालमीला महिन्यातून एकदा पाळकांनी किंवा एका पंचांनी येऊन बसावं, गाता येत नसलं तरी. शब्बाथशाळेतल्या मुलांना दर रविवारी एक गाणं तोंडपाठ करायला द्यावं आणि त्यातली दोन मुलं आळीपाळीनं क्वायरमध्ये उभी करावीत. गायनमंडळाला व्यासपीठावर बसवू नका, बाजूला बसवा. मंडळीचे चेहरे आम्हाला दिसले पाहिजेत आणि आम्ही नजरेत भरण्याची गरज नाही. स्पीकर ठेवा, पण गाण्याच्या वेळी त्याचा आवाज इतकाच असू द्या की शेजारच्याचं गाणं ऐकू यावं.

ज्या कमिट्यांनी अजून ठराव केलेला नाही त्यांनी तो करण्याआधी एक रविवार द्यावा. त्या दिवशी मंडळीला ओळखीचं एकच गाणं दोनदा म्हणायला सांगा, एकदा ट्रॅकवर आणि एकदा पेटीवर. कमिटीच्या सगळ्या सभासदांनी त्या वेळी पुढच्या खुर्च्या सोडून शेवटच्या बाकांवर, बायका-मुलांच्या मधे बसावं आणि आपल्या आजूबाजूला किती जण गात आहेत ते ऐकावं. आम्ही ज्या मंडळीत बोलावणं येईल तिथे पेटी घेऊन यायला तयार आहोत. शनिवारी संध्याकाळी मुक्कामाला आलो तर त्याच रात्री तिथल्या क्वायरबरोबर तालीमही घेता येईल.

आपली प्रभूतील बहीण,
गायनमंडळातली एक पेटीवादक
नंदुरबार जिल्हा